प्लग काढला तरी

वैजनाथराव गव्हाणे यांना कॉलनीत सगळे वायरमनकाका म्हणत. छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या रस्त्याला लागून त्यांची कॉलनी. कुणाचा पंखा बंद पडला, कुणाच्या मीटरमधून जळका वास यायला लागला, की माणूस आधी त्यांच्या दारात येई. वैजनाथराव लगेच चपला घालत, त्या घरी जात, भिंतीपासून दोन हात लांब उभं राहून वर बघत आणि म्हणत, "माझ्यानं नाय व्हायचं आता. गुडघे लई दुखतेत. पण थांबा, माणूस देतो." मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावत, तो येईस्तोवर तिथंच थांबत. लोकांना तेवढ्याचंही बरं वाटे. उभी नोकरी खांबावर चढण्यात गेलेला माणूस, त्याचे गुडघे जाणारच.

गुडघ्यांना त्यांच्या काहीही झालेलं नव्हतं. रोज पहाटे ते छावणीच्या मोकळ्या रस्त्यानं तासभर झपाझपा चालून येत.

खरी गोष्ट घरात एकट्या शैलाबाईंना माहीत होती. वैजनाथरावांना विजेची भीती वाटायची. साधीसुधी नाही. बटण दाबताना ते श्वास धरत. मिक्सर चालू असला की स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. घरातली ट्यूब गेली तर स्टुलावर शैलाबाई चढत, आणि त्या वेळी वैजनाथराव दूध आणायला म्हणून बाहेर पडत. मुलगा केयूर लहानपणी म्हणायचा, "आई, बाबा लाइनमन आहेत आणि बल्ब तू बदलतेस?" शैलाबाई म्हणत, "दिवसभर तेच करून येतात, घरी तरी सोड त्यांना." मूल होतं, पटायचं. मोठा झाल्यावर त्यानं विचारणं सोडलं. बाबा आळशी आहेत, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं असावं.

ही भीती काही जन्माची नव्हती. सोयगावच्या शेतकरी घरातून वैजनाथ शहरात आला, लाइनमनच्या नोकरीला लागला, तेव्हा खांबावर चढायला त्याच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. त्याच्या जोडीला सांडू होता. सांडू पण तिकडचाच, त्यांच्या शेजारच्या गावचा. दोघांची जोडी सगळ्या सेक्शनमध्ये ठाऊक होती. एक वर असला की दुसरा खाली. आणि खाली असेल त्याच्या खिशात फ्यूज. हा त्यांचा नेम होता. लाइन बंद करायची, फ्यूज काढायचे आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती न देता आपल्या खिशात घालायचे. म्हणजे वर माणूस असताना कुणी गुपचूप चालू करू शकत नाही.

वळवाचा वारा सुटून गेल्यावरची ती दुपार. शहराबाहेर एका मंगल कार्यालयाजवळ झाडाची फांदी तारांवर पडली होती. त्यांनी लाइन बंद केली. फ्यूज वैजनाथच्या खिशात आले. टेस्टरनं तपासून झालं. तारा मेलेल्या होत्या. मग सांडू वर चढला, तो अर्थिंगची साखळी टाकायला. म्हणजे चुकून कुठून करंट आलाच तर तो जमिनीत जावा, माणसात नको, एवढ्यासाठी. सगळं जसं करायला पाहिजे तसंच चाललं होतं.

कार्यालयात लग्न होतं. वऱ्हाड घामाघूम झालेलं. कुणीतरी जनरेटर चालू केला. त्याची जोडणी चुकीची होती. त्याचा करंट कार्यालयाच्या सर्व्हिस वायरमधून उलटा फिरला आणि खांबावरच्या तारांत आला.

सांडू ओरडलासुद्धा नाही. वैजनाथनं वर बघितलं तर तो तारेला धरून होता, आणि सोडत नव्हता.

चौकशी झाली. साहेबांनी वैजनाथच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तुमची काही चूक नाही. तुम्ही दोघांनी सगळं नियमानं केलं." त्या वाक्यानं वैजनाथरावांचं आयुष्य पार बदललं. चूक असती तर पुढच्या वेळी ती टाळता आली असती. इथं चूकच नव्हती. बंद केलेली लाइन, काढलेले फ्यूज, तपासलेली तार, आणि तरी माणूस गेला. म्हणजे बंद या शब्दाला काही अर्थच उरला नाही.

त्यानंतर ते एकदा खांबापाशी गेले. शिडी लावली, तिसऱ्या पायरीवर पाय आखडले, हातपाय गार पडले, आणि खाली उतरून त्यांनी सगळ्यांसमोर गुडघा धरला. गुडघ्याचं निमित्त तिथं जन्माला आलं. साहेब समजूतदार होते. वैजनाथरावांना तक्रारी घ्यायच्या टेबलावर बसवलं. पुढची सगळी नोकरी त्यांनी टेलिफोनवर काढली. निवृत्त झाले तेव्हा हार घालताना कुणीतरी भाषणात म्हणालं, "आगीशी खेळलेला माणूस." वैजनाथराव मान खाली घालून बसले होते.

आता घरात चौघं. वैजनाथराव, शैलाबाई, वाळूजच्या कंपनीत नोकरीला असलेला केयूर, आणि सून मनस्विनी. मनस्विनीचं माहेर औरंगपुऱ्यात, शिकल्यासवरल्या माणसांचं. बोलायला मोकळी, कामाला वाघ. क्रांती चौकातल्या एका फोटो स्टुडिओसाठी ती घरी बसून लग्नाचे अल्बम तयार करायची. म्हणजे स्टुडिओवाला हजारभर फोटो पाठवणार, त्यातले निवडायचे, रंग सुधारायचे, पानांवर मांडायचे. हे सगळं ती केयूरच्या कॉलेजच्या काळातल्या कॉम्प्युटरवर करायची. काळा, जाडजूड, टेबलाखाली ठेवलेला डबा. त्याचा पंखा घुरघुरायचा. एक पान उघडलं की मनस्विनी उठून पाणी पिऊन यायची, तेव्हा कुठं दुसरं उघडायचं.

"बाबा, याची मेमरी कमी पडते," तिनं एकदा जेवताना सांगितलं. "चारच जीबी रॅम आहे. अजून चारची एक पट्टी घातली की पळायला लागेल. नवीन घ्यायची गरजच नाही."

"पट्टी म्हंजे?"

तिनं तळहाताएवढ्या लांबीचं माप दाखवलं. "एवढीशी असते. आत खाचेत बसवायची. दोन मिनिटांचं काम."

"आत," वैजनाथराव म्हणाले, आणि त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली.

मनस्विनीला सातवा महिना होता. ती दिवसातले कितीतरी तास त्या डब्याला पाय टेकवून बसायची, हे वैजनाथरावांना आधीपासून खुपत होतं. तिच्या पायाखाली त्यांनी रबरी मॅट आणून घातली होती. "पाय गार पडतेत फरशीनं," असं कारण सांगितलं होतं. तिला वाटलं, सासरे किती जपतात. जपत होतेच. पण रबर का, हे तिला कळलं नव्हतं.

मे महिना, लग्नसराई. केयूर कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेला. शैलाबाई भाचीच्या साखरपुड्याला सोयगावला. जाताना त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "गिझरचं बटण ती लावते, तुम्ही उगा काळजी करत बसू नका." आणि त्या गेल्या. घरात सासरे आणि सून दोघंच.

रविवारी दुपारी मनस्विनी बाहेरच्या खोलीत आली. तिच्या हातात छोटी प्लॅस्टिकची डबी होती.

"बाबा, जरा मदत कराल? कॉम्प्युटर आज तीनदा बंद पडला. उद्या सकाळी अल्बम छपाईला द्यायचाय, नवरी परवा परदेशी चालली. दुकानवाला म्हणतो, आज दुकान बंद आहे, मंगळवारी माणूस पाठवतो. पण रॅम मी कालच आणून ठेवलीय. त्याला कॉम्प्युटरचं मॉडेल सांगून त्यात चालणारीच घेतलीय. मी व्हिडिओ पण बघितला. फक्त तो डबा मला टेबलाखालून ओढवत नाही. तेवढा वर ठेवून द्या. बाकी मी करते."

वैजनाथराव तिच्या हातातल्या डबीकडं बघत होते. "मंगळवारीच करू ना. माणूस येऊ दे."

"उद्या द्यायचाय हो."

"गुडघे..." ते म्हणाले.

"अहो, मग राहू द्या, मीच ओढते हळूहळू," असं म्हणून ती वळली, आणि वैजनाथरावांना उठावंच लागलं.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. वैजनाथराव टेबलासमोर उकिडवे बसले. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग काढला. प्लग निघाला तरी ते तसेच बसून राहिले. डब्याचा पत्रा चार बोटांवर होता. त्यांनी उजव्या हाताची पाठ पुढं केली. लाइनमनची सवय ती. तळहातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. हाताची पाठ लागली तर हात मागं फेकला जातो. पत्र्याला हाताची पाठ जेमतेम लागली. गार होता. काही झालं नाही. त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला.

"काय झालं बाबा?"

"काय नाय. उकडतंय."

त्यांनी डबा उचलून टेबलावर ठेवला आणि तीन पावलं मागं जाऊन दारात उभे राहिले. मनस्विनीनं मागचे दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. आत वर्षानुवर्षांची धूळ. तिनं जुना पेंटब्रश आणला होता, त्यानं धूळ झाडली. मग एकदा उघड्या पत्र्याला हात लावून घेतला. "अंगातला करंट काढून टाकायचा असतो, व्हिडिओत सांगतात," ती हसत म्हणाली. "नाहीतर आपल्यामुळं पट्टी मरते."

करंट हा शब्द वैजनाथरावांना नको होता. "जपून," ते दारातूनच म्हणाले. त्यांना ऐकू येत होतं ते स्वतःच्या कानातलं ठोकणं. ते तिच्या हाताकडं बघत होते. बोटांत अंगठी, मनगटात सोन्याच्या पाटल्या. धातू. त्यांना सांगायचं होतं की आधी ते काढ. पण ते बोलायच्या आत तिनं नवी पट्टी खाचेवर धरली आणि अंगठ्यांनी दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. वैजनाथरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती हात झटकत होती.

"झालं की."

तिनं स्वतःच प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. पण पडद्यावर काहीच आलं नाही. डब्यातून एक लांब आवाज आला, थांबला, पुन्हा आला. कुणीतरी आत अडकून शिट्टी मारत असल्यासारखा.

"अरे देवा," मनस्विनी म्हणाली. "पट्टी नीट बसली नाही वाटतं. व्हिडिओत सांगितलं होतं असं होतं म्हणून. काढून परत बसवावी लागेल."

तिनं बटण बंद केलं, प्लग खेचून काढला आणि दुसरा हात तसाच उघड्या डब्याकडं नेला.

आणि वैजनाथरावांना दिसलं. आत, सगळे भाग जिच्यावर बसवलेले होते त्या हिरव्या पाटीवर एका कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा दिवा होता. तो जळत होता. प्लग तिच्या डाव्या हातात लोंबत होता, भिंतीतला सॉकेट रिकामा होता, आणि दिवा जळत होता.

आपण दारातून तिथवर कसे गेलो, हे त्यांना पुढं कधी आठवलं नाही. त्यांनी सुनेचं मनगट पकडलं होतं आणि तिला मागं ओढलं होतं. स्टूल आडवं झालं. तिचा तोल गेला, ती टेबलाला धरून सावरली. आजवर त्यांनी सुनेच्या अंगाला बोट लावलं नव्हतं.  

"बाबा, काय झालं? दुखतंय मला."

त्यांनी हात सोडला. "जित्ता हाय," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "करंट हाय आत. दिवा बघ."

मनस्विनीनं बघितलं. "अहो, तो थोडा वेळ राहतो. आत चार्ज साठलेला असतो ना. थांबा." तिनं लांबूनच डब्याचं पुढचं चालू करायचं बटण दाबलं. प्लग हातात असताना दाबलं. आतला पंखा एक झटका देऊन अर्धा फिरला आणि थांबला. हिरवा दिवा विझला.

पंख्याची ती अर्धी गिरकी वैजनाथरावांनी पाहिली. ते खाटेच्या कडेवर बसले.  मनस्विनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांना तो दोन्ही हातांनी धरावा लागला, तरी पाणी सदऱ्यावर सांडलं.

"डॉक्टरांना बोलावू?" तिचा चेहरा उतरला होता.

"नको. आजार नाय." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मला भ्या वाटतं, बाई. करंटचं. लई वर्सांपासून. तुझ्या सासूला ठावं हाय. केयूरला नाय."

ती त्यांच्यासमोर स्टूल सरळ करून बसली.  मग वैजनाथरावांनी सांगितलं. फांदी, फ्यूज, अर्थिंगची साखळी, जनरेटर. शैलाबाईंना त्यांनी त्या रात्री चार शब्दांत सांगितलं होतं. एवढं सविस्तर कुणालाच नाही. सांगताना त्यांचा उजवा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडं जात होता.

"फ्यूज माझ्या खिशात होते," ते म्हणाले. "सांडू वर होता आन् मी खाली खिशावर हात ठिवून उभा. त्यो गेला तरी फ्यूज खिशातच. आता तू म्हणतीस प्लग काढलाय. प्लग काढून काय हुतंय?"

मनस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. "मग राहू द्या," ती म्हणाली. "मी स्टुडिओत फोन करून सांगते, होणार नाही म्हणून."

वैजनाथरावांना मोठा आधार वाटला. ते हो म्हणणारच होते. पण त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं फोन उचलला होता, आणि तिची नजर मात्र उघड्या डब्यावर होती. तिचा स्वभाव एव्हाना त्यांना माहीत होता. आता ती ऐकेल. ते जरा आडवे झाले, डोळा लागला, की ही एकटीच प्लग ओढेल आणि तो दिवा विझला की नाही हे न बघता हात आत घालेल. पोटाशी ते मूल. 

धीर वगैरे आला असं काही नव्हतं. एका भीतीपेक्षा दुसरी मोठी झाली, एवढंच.

"पाटल्या काढून ठेव," ते म्हणाले.

"कशाला?"

"काढ आधी. आन् अंगठी. प्लग तुझ्या हातात धर. तिकडं, त्या भिंतीपाशी जाऊन उभी ऱ्हा. मी म्हणेस्तोवर सोडायचा नाय. रबराची चप्पल घाल."

"बाबा, तुम्ही नका. खरंच नका."

"तू सांग फक्त. कुठं धरायचं, कुठं दाबायचं."

तिनं पाटल्या आणि अंगठी उशीवर ठेवली, रबरी चप्पल घातली. डब्याच्या मागून निघालेली वायर ताणून तिनं प्लग मुठीत घेतला आणि भिंतीशी उभी राहिली. वैजनाथरावांनी रबरी मॅट टेबलासमोर ओढली आणि तिच्यावर उभे राहिले. आत वाकून बघितलं. हिरव्या पाटीवर तो मोहरीएवढा ठिपका आता मेलेला होता. मेलेला दिसत होता.

"दोन पट्ट्या दिसतात शेजारी-शेजारी? डावीकडची जुनी. उजवीकडची नवी. तिच्या दोन्ही टोकांना पांढरे चाप आहेत. ते बाहेर ढकला, पट्टी आपोआप वर येते."

त्यांनी हात पुढं केला. हात पुढं गेला नाही. हाताची पाठ करून पुन्हा पुढं केला. पाटीच्या कडेला नखाचा मागचा भाग लागला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. अंगठ्यानं एक चाप ढकलला. मग दुसरा. पट्टी वर आली.

"हां. आता खोडरबर घ्या, टेबलावर आहे. खालच्या सोनेरी दातांवर हलकेच फिरवा. मग त्या दातांमध्ये एक खाच आहे, ती आणि आतली खूण एकावर एक यायला हवी."

ते काम त्यांना जमलं. पट्टी हातात होती, ती कशाला जोडलेली नव्हती. खोडरबर फिरवताना बोटं जरा सैल पडली. पट्टी त्यांनी खाचेवर धरली, खूण जुळवली. आता दाबायची.

तेवढ्यात वीज गेली.

वरचा पंखा मंदावला. स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला. आणि पॅसेजमधला इन्व्हर्टर टक् करून चालू झाला. पंखा पुन्हा फिरायला लागला.

वैजनाथरावांचे दोन्ही अंगठे पट्टीवर होते आणि त्यांच्या डोक्यात जनरेटर सुरू झाला होता. वीज गेली आणि दुसरीकडून आली. उलटी. तारेतून, भिंतीतून, याच्याकडं. अंगठे उचलायला पाहिजेत, हे त्यांना कळत होतं. ते उचलले जात नव्हते. सांडू तारेला धरून होता आणि सोडत नव्हता, ते त्यांना समोर दिसत होतं. माणूस सोडत नाही तेव्हा आतून त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडला होता, आणि आता ते स्वतःच तसे उभे होते.

"बाबा," भिंतीपासून आवाज आला. "बाबा, इकडं बघा. माझ्याकडं."

त्यांनी मान वळवली. मनस्विनीनं हात वर केला होता. मुठीतून प्लगच्या पितळी पिना बाहेर आल्या होत्या.

"इन्व्हर्टर लागलाय. तो भिंतीपर्यंतच येतो. वायर माझ्या हातात आहे. मी सोडलेली नाही."

"सोडू नको."

"नाही सोडत."

"धरून ठिव."

"धरलीय बाबा."

ते तिच्या मुठीकडं बघत राहिले, आणि बघता बघताच त्यांनी अंगठ्यांवर भार दिला. एका टोकाला टक् झालं. मग दुसऱ्या टोकाला. दोन्ही चाप आत येऊन पट्टीला धरून बसले. आधीच्या वेळी एकच आवाज झाला होता, तो फरक त्यांना तेव्हा कळला. त्यांनी हात बाहेर काढले आणि छातीशी धरले. बोटं हलवून बघितली. सगळी हलत होती.

बाजूचा पत्रा त्यांनीच लावला, स्क्रू त्यांनीच पिळले. कॉम्प्युटरचा भार इन्व्हर्टरला झेपत नसे, म्हणून वीज परत येईस्तोवर दोघं अंगणात जाऊन बसले. मनस्विनीनं चहा केला.  वीज आली तेव्हा प्लग लावायला मात्र ते आत गेले नाहीत. "तू लाव," म्हणाले, आणि अंगणातच उभे राहिले. थोड्या वेळानं आतून तिची हाक आली.

"आठ दाखवतोय बाबा. आठ जीबी."

ते दारापर्यंत गेले. पडद्यावर एक नवरी उभी होती, हिरव्या चुड्याची. मनस्विनीनं बोट हलवलं की पान सरकन बदलत होतं. वैजनाथरावांनी दोन-तीन पानं बघितली आणि न्हाणीघरात जाऊन ओकले. तोंड धुतलं. मग खाटेवर पडले ते थेट दिवेलागणीला उठले. अल्बम तोवर पुरा झाला होता.

केयूरचा फोन आला तेव्हा रॅम बाबांनी बसवली एवढं सांगून मनस्विनीनं फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "बाकी काय सांगू?" ते म्हणाले, "आण इकडं." फोन कानाला लावला.

"बाबा, रॅम तुम्ही बसवली? अरे वा. मी म्हणतच होतो हिला, बाबांचं काय, डाव्या हाताचं काम आहे."

"नाय रे," वैजनाथराव म्हणाले. "लई भ्यालो. हात हलंना माझा. गुडघ्याचं सगळं खोटं होतं, केयूर. मला करंटचं भ्या वाटतं."

 

"सांडूकाकांपासून?" केयूरनं विचारलं. सांडूकाका खांबावर गेले, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"व्हय."

"मग एवढी वर्षं ऑफिसला तरी कसे जात होतात? तिथं तर सगळी तीच कामं."

 हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"तुझी माय सकाळी डबा भरून द्यायची," ते म्हणाले. "डबा घेतला की निघावं लागायचं. गेटपाशी पोचलो की पोटात गोळा यायचा. रोज. मग कुणाचा तरी फोन वाजायचा, लाइट गेली म्हणून. तो उचलायचो."

"मी शनिवारी येतोय," केयूर म्हणाला. "आलो की सगळं सांगा. सांडूकाकांचं पण."

"सांगतो," वैजनाथराव म्हणाले, आणि फोन सुनेकडं दिला.